२५० मिली ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडला २.२५ ग्रॅम घ्यायचं की ३.१५?

नवा_लॅब_असिस्टंट, नागपूर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबला नुकताच लागलो आहे. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली आहे आणि द्रावणं तयार करायचं काम माझ्याकडे आहे. माझ्या आधी जे काका होते ते रिटायर झाले. जाताना त्यांनी एक जुनं रजिस्टर ठेवून दिलं. त्यात प्रत्येक द्रावणासमोर वजनाचा आकडा आहे, पण तो कसा काढला ते कुठेच लिहिलेलं नाही.

ऑक्झॅलिकसमोर आहे, "०.१ एम, २५० मिली, ३.१५ ग्रॅम". मी काढतो तर वेगळंच येऊन राहिलं आहे. माझा हिशोब असा: ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये हायड्रोजन २, कार्बन २, ऑक्सिजन ४. म्हणजे २ + २४ + ६४ = ९०, हा रेणूभार. १ मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात १ मोल, म्हणजे रेणूभाराइतके ग्रॅम. लिटरभर ०.१ मोलरला ९ ग्रॅम, म्हणून २५० मिलीला २.२५ ग्रॅम. मला २ लिटर लागेल, म्हणजे माझ्या हिशोबाने १८ ग्रॅम आणि रजिस्टरप्रमाणे २५.२ ग्रॅम. एवढा फरक कसा सोडून द्यायचा?

त्याच रजिस्टरमध्ये ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटला लिटरमागे ३.१६ ग्रॅम लिहिलं आहे. ते माझ्या हिशोबाशी बरोबर जुळतं. मग ऑक्झॅलिकलाच काय झालं?

कपाटात ऑक्झॅलिकच्या दोन बाटल्या आहेत. एकीचं लेबल चांगलं आहे, दुसरीचं पुसट झालं आहे, नावापलीकडे काही वाचता येत नाही. आणि एक विचारायचं राहिलं: १ लिटर पाणी मोजून त्यात पावडर टाकायची, की पावडर आधी आणि पाणी नंतर?

पोरांचे मार्क यावर आहेत, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही. जाणकारांनी सांगावं.


एमएस्सी_धरमपेठ

दादा, गुणाकार तुमचा बरोबर आहे. पण ९० हा रेणूभार कोरड्या, निर्जल ऑक्झॅलिकचा. लॅबमध्ये येतं ते बहुतेक वेळा डायहायड्रेट असतं. स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे २ रेणू अडकलेले असतात, त्यांचे ३६ मिळवले की १२६. अचूक आकडा १२६.०७.

सूत्र तेच: ग्रॅम = मोलॅरिटी × लिटर × रेणूभार.
०.१ × ०.२५ × १२६.०७ = ३.१५ ग्रॅम.
२ लिटरला ०.१ × २ × १२६.०७ = २५.२१ ग्रॅम.

परमँगनेटच्या स्फटिकात पाणी नसतं, रेणूभार १५८.०३, म्हणून तिथे तुमचं आणि रजिस्टरचं जुळलं. मोहर्स सॉल्टचं (फेरस अमोनियम सल्फेटचं) द्रावण बनवायची वेळ आली तर तिथेही हेच लक्षात ठेवा. त्यात पाण्याचे ६ रेणू असतात, रेणूभार ३९२.१४, म्हणजे २५० मिली ०.१ मोलरला ९.८० ग्रॅम. ते विरघळवताना थोडं विरल सल्फ्युरिक घाला, नाहीतर द्रावण गढूळ होतं.


महालातल्या_काकू (निवृत्त प्रयोगशाळा सहायक)

बेटा, तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. वरच्या मुलाने उत्तर बरोबर दिलं आहे. मला त्याच्या मागचं सांगायचं आहे, कारण उद्या तुझ्यासमोर दुसरी बाटली येईल आणि तेव्हा रजिस्टर उपयोगी पडणार नाही.

माझी आयुष्यभराची नोकरी याच कामात गेली. सूत्र पोरांनाही पाठ असतं. पण त्या सूत्रात रेणूभार टाकायचा तो पुस्तकातल्या पदार्थाचा नाही, तुझ्या हातातल्या बाटलीतल्या पदार्थाचा. म्हणून कॅल्क्युलेटर उघडायच्या आधी बाटली फिरवून लेबल पूर्ण वाचायचं. त्यावर रेणूभार छापलेला असतो, शुद्धता छापलेली असते. १२६.०७ असेल तर डायहायड्रेट, ९०.०३ असेल तर निर्जल. एवढ्याने निम्मं काम होतं.

डायहायड्रेटची बाटली असताना २.२५ ग्रॅम घेतलं तर काय होईल ते नीट समजून घे, म्हणजे त्या ३.१५ ची किंमत कळेल. २.२५ ला १२६.०७ ने भाग, मग ०.२५ ने भाग. ०.०७१४ येतं. बाटलीवर ०.१ लिहिलेलं आणि आत ०.०७१४. आता परीक्षेत पोरगं १० मिली ऑक्झॅलिक पिपेटने घेणार आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडणार, म्हणजे टायट्रेशन करणार. ऑक्झॅलिकच्या ५ मोलला परमँगनेटचे २ मोल लागतात. द्रावण खरंच ०.१ असेल तर ०.०२ मोलर परमँगनेट २० मिली जातं. ०.०७१४ असेल तर १४.३ मिलीलाच गुलाबी रंग टिकतो. पोरगं इमानदारीने १४.३ लिहिणार, त्यावरून परमँगनेटची मोलॅरिटी काढणार, ०.०२८ येणार. खरी ०.०२. अख्ख्या बॅचचं उत्तर एकसारखं चुकेल आणि त्यात एकाही पोराचा दोष नसेल. म्हणून मी या बाबतीत कडक होते आणि अजूनही आहे.

आता पुसट लेबलची बाटली. तिच्यातून परीक्षेचं द्रावण बनवू नकोस, लेबल असलेली आहे ना, ती वापर. पण ती फेकूही नको, आत काय आहे ते शोधता येतं. त्यातलं ०.६३ ग्रॅम अचूक तोल, १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये द्रावण कर. त्यातलं १० मिली घे, फिनॉल्फ्थॅलिनचे (रंग बदलून शेवट दाखवणारं) २ थेंब टाक आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोड. डायहायड्रेट असेल तर साधारण १० मिली लागेल, निर्जल असेल तर साधारण १४. हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे त्याची मोलॅरिटी थोडी इकडेतिकडे असेल, पण १० आणि १४ मध्ये एवढं अंतर आहे की निर्णय चुकणार नाही. १२ च्या आसपास आलं तर ते अर्धवट सुकलेलं आहे असं समज आणि प्रमाण द्रावणासाठी (ज्याची मोलॅरिटी नक्की माहीत असावी लागते) त्याला हात लावू नको. निकाल आला की नवीन लेबल चिकटव, तारीख घाल.

पाणी आधी की पावडर आधी, हे तू विचारलंस. मोलॅरिटीतला लिटर हा तयार द्रावणाचा लिटर असतो, पाण्याचा नाही. घरी पाक करताना पाहिलं असशील, लिटरभर पाण्यात अर्धा किलो साखर विरघळली की पातेल्यात सव्वा लिटरच्या वर भरतं. ऑक्झॅलिकमध्ये वजन कमी असल्याने फरक फार थोडा पडतो, पण सवय एकच ठेवायची. बीकरमध्ये अर्ध्याहून थोडं जास्त पाणी घे, पावडर त्यात पूर्ण विरघळव, फनेलने फ्लास्कमध्ये ओत, बीकर आणि फनेल दोन-तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाल, मग खुणेपर्यंत भर. शेवटचे थेंब ड्रॉपरने. डोळा खुणेच्या पातळीवर, पाण्याच्या वाकाचा तळ खुणेला टेकलेला हवा. मग बूच लावून फ्लास्क पुन्हा पुन्हा उलटा कर. हे शेवटचं बरेच जण घाईत टाळतात आणि मग खाली दाट, वर पातळ राहतं.

पाणी डिस्टिल्डच. बोअरचं अजिबात नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि ते ऑक्झॅलेटला धरून पांढरा साका करतं. समज पाण्याचा कडकपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि तो सगळा कॅल्शियमचा आहे. कडकपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने मोजतात, त्याचा रेणूभार १००, म्हणजे लिटरमध्ये ०.००४ मोल कॅल्शियम. तेवढंच ऑक्झॅलेट खाली बसणार. वजन तू अगदी अचूक केलंस तरी ०.१ चं ०.०९६ झालं. नळाच्या पाण्यानेही हेच, फक्त कमी प्रमाणात.

फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असं छापलेलं असतं, तेही बघून ठेव. मे महिन्यात आपल्या लॅबमध्ये पाणी ४० अंशांवर जातं. २० ते ४० मध्ये पाणी सुमारे ०.६ टक्के फुगतं, म्हणून उन्हाळ्यात कोमट पाण्याने खुणेपर्यंत भरू नये, आधी गार होऊ द्यावं. फेब्रुवारीत याची फार काळजी नाही.

परमँगनेटचा ३.१६ ग्रॅम हा आकडा बरोबर आहे, पण त्यावर ऑक्झॅलिकसारखा विश्वास ठेवू नको. परमँगनेटमध्ये थोडा मँगनीज डायऑक्साइड असतोच, शिवाय पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी ते झगडतं आणि कमी होत जातं. म्हणून ते आधी बनवून काही दिवस अंधारात ठेव, काचेच्या लोकरीतून गाळ, तपकिरी बाटलीत भर. साध्या फिल्टर पेपरने गाळू नको, कागदालाही ते खातं. मग तुझ्या ऑक्झॅलिकविरुद्ध स्वतः टायट्रेशन कर आणि जी मोलॅरिटी येईल ती परीक्षकांना दे. टायट्रेशनचा फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापलेला हवा, उकळायचा नाही. पहिले थेंब सावकाश फिके होतात, त्याने घाबरायचं नाही, पुढे वेग येतो. आणि आम्ल विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं.

ऑक्झॅलिक विषारी आहे. तोंडाने पिपेट ओढू देऊ नकोस, कितीही घाई असली तरी. पिपेटचे रबरी बल्ब कमी असतील तर आजच मागणी टाक.


नवा_लॅब_असिस्टंट, नागपूर

काकू, मनापासून आभार. लेबल पाहिलं. रेणूभार १२६.०७, शुद्धता ९९.५ टक्के. म्हणजे २५.२१ ला ०.९९५ ने भागून २५.३४ ग्रॅम घ्यायचं ना? तराजू दोन दशांशांचा आहे. पावडर नेमकी २५.३४ वर आणायला चिमूट-चिमूट करत फार वेळ जाऊन राहिला आहे.

आणि पोरं विचारतात, "सर, पिपेटमध्ये घेतलेल्या १० मिलीत ऑक्झॅलिक किती ग्रॅम?" ते याच सूत्राने सांगू का?


महालातल्या_काकू

२५.३४ बरोबर. पण त्या आकड्यावरच थांबायचा हट्ट सोड. जवळपास घे, जे वजन तराजूने दाखवलं ते लिही आणि त्यावरून खरी मोलॅरिटी काढ. समजा २५.३० ग्रॅम आलं. २५.३० × ०.९९५ = २५.१७ ग्रॅम शुद्ध. भागिले १२६.०७, भागिले २ लिटर. ०.०९९८. बाटलीवर ०.०९९८ लिही. ०.१ लिहिण्यापेक्षा ते जास्त खरं आहे आणि परीक्षकही खूश होतात. पावडर काढून परत बाटलीत टाकणं मात्र बंद कर, त्याने बाटली खराब होते.

१० मिलीचं विचारलंस. ०.१ × ०.०१ × १२६.०७ = ०.१२६ ग्रॅम. पण पोरांना हेही सांग की हे डायहायड्रेटच्या हिशोबाने आहे. विरघळल्यावर स्फटिकातलं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळून गेलं, द्रावणात उरलेलं खरं ऑक्झॅलिक ०.०९० ग्रॅम. प्रश्नात जे मागितलं असेल त्याचा रेणूभार घ्यायचा. वजन करायचं असेल तर बाटलीतल्याचा १२६, द्रावणात निर्जल ऑक्झॅलिक किती असं विचारलं तर ९०. मोल दोन्हीकडे तेच, ०.००१. पोरांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून आधी मोल काढायला लाव आणि ग्रॅम शेवटी.

हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवर तर मोलॅरिटी नसतेच, टक्के आणि घनता असते. ३७ टक्के, घनता १.१८ असेल तर लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात हायड्रोजन क्लोराइड ११८० × ०.३७ = ४३७ ग्रॅम. भागिले ३६.४६, जवळजवळ १२ मोलर. लिटरमध्ये ३७० ग्रॅम असं धरणारे खूप भेटतात. टक्के वजनाचे आहेत, आकारमानाचे नाहीत, हे त्यांना समजावून सांग.


अंबिया_बहार, काटोल

काकू, मी संत्र्यावाला माणूस, पण हे सगळं वाचून राहिलो आणि माझाच प्रश्न निघाला. फळगळीसाठी १५ पीपीएम जिबरेलिक ॲसिड आणि १ टक्का युरिया फवारायला सांगितलं आहे. माझा ड्रम २०० लिटरचा आहे. एका दुकानात पावडरची पुडी दाखवली, त्यावर ९० टक्के आहे. दुसरीकडे पातळ औषधाची बाटली दिली, त्यावर ०.००१ टक्का. दुकानदार म्हणतो दोन्ही एकच आहे, कोणतंही घ्या. किती घालू?


महालातल्या_काकू

भाऊ, तुमचा प्रश्न आमच्याच जातीचा आहे. पाण्यात १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, कारण लिटरभर पाण्याचं वजन १ किलो आणि किलोत १० लाख मिलिग्रॅम. १५ पीपीएम × २०० लिटर = ३००० मिलिग्रॅम = ३ ग्रॅम शुद्ध जिबरेलिक. पावडर ९० टक्के असेल तर ३ भागिले ०.९, म्हणजे ३.३ ग्रॅम. १०० लिटरला दीड ग्रॅम असं जे सगळीकडे सांगतात, ते हेच १५ पीपीएम. युरिया १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो, तुमच्या ड्रमला २ किलो. पावडर पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून मग ड्रममध्ये ओता. ॲसिटोन लवकर पेटतं, विडी-काडी लांब ठेवा. ३ ग्रॅम चमच्याने मोजू नका, सोनाराकडच्यासारख्या लहान काट्यावर तोला.

आता ती पातळ बाटली. ०.००१ टक्का म्हणजे १०० मिलीत १ मिलिग्रॅम, लिटरला १० मिलिग्रॅम. म्हणजे ती बाटली मुळातच १० पीपीएमची आहे. पाणी न घालता जशीच्या तशी फवारली तरी १५ पीपीएम होणार नाही, मग ड्रममध्ये घालून कुठून होणार? ३ ग्रॅम मिळवायला तसलं ३०० लिटर औषध लागेल. ते औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याचा डोस वेगळा असतो आणि तो त्याच्या लेबलवर दिलेला असतो. पण तुम्हाला दिलेल्या शिफारशीतलं औषध ते नाही. दोन्ही एकच आहे असं कोणी म्हटलं तर टक्क्यांकडे बोट दाखवा.


एमएस्सी_धरमपेठ

काकूंच्या हिशोबात एक जोडतो. बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मात्र असं पाणी वजा करत बसू नका. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, तो निळ्या खड्यांचाच, स्फटिकातल्या पाण्यासकट. त्यात तांबं सुमारे २५.५ टक्के, म्हणजे २५५ ग्रॅम. कृती खड्यांच्या वजनावरच ठरलेली आहे. चुनाही १ किलो, आणि मोरचूद लोखंडी ड्रममध्ये भिजवू नका, प्लास्टिकचा घ्या.

पुडी घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत एकदा दाखवून या. काटोलहून नागपूरला येणं होतच असेल. फवारणी कोणत्या टप्प्यावर घ्यायची ते तिथले लोक झाडाची अवस्था विचारून सांगतील.


अंबिया_बहार, काटोल

पातळ बाटली परत करतो. काटा आणतो आणि ३.३ ग्रॅम तोलूनच टाकतो. दुसऱ्या ड्रमला १५० लिटरच पाणी बसतं, त्याला २.५ ग्रॅम, बरोबर ना?


महालातल्या_काकू

बरोबर. १५ × १५० = २२५० मिलिग्रॅम, भागिले ०.९, २.५ ग्रॅम. युरिया दीड किलो.